एकशे आठ मातीची भांडी

दोन पक्ष्यांच्या रक्तात एकच परजीवी (दुसऱ्या जीवाच्या शरीरात राहून त्याच्यावर जगणारा जीव) सापडला होता. त्यांतला बुलबुल फांदीवर बसून गात होता. निळटिपी मात्र शाल्मलीच्या ओंजळीत मरून पडली होती. असे का?

वर्ष होते २०६८. अंबोडीच्या पठाराबाहेर निळटिपी कुठेही आढळत नसे, आणि पठारावर आता अकराच उरल्या होत्या.

"गुन्हेगार सापडला!" पक्षीमित्र मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणाले. "हिवताप बुलबुलांकडून येतो. उद्या सकाळी जाळी लावून सगळे बुलबुल हलवतो."

"उत्तम. मैना आणि चिमण्याही हलवा. परजीवी त्यांच्याही रक्तात आहे," शाल्मलीचे आजोबा, पक्षिवैज्ञानिक डॉ. विश्राम केंजळे म्हणाले. आजोबांचा आवाज जितका शांत, तितका राग मोठा, हे तिला ठाऊक होते.

"मग उद्यापर्यंत दुसरा उपाय सांगा, डॉक्टर. लेख नको. तुमचे लेख मंडळात कोणी वाचत नाही."

"ते पठाराकडे पाहून कळतेच."

शाल्मलीने विचारले, "आजोबा, बुलबुल का मरत नाही?"

"त्याचे पूर्वज पुष्कळ मेले. ज्यांच्या शरीराने परजीवीला आवर घातला, त्यांचीच पिल्ले वाढली. हजारो पिढ्यांनी सहनशक्ती (रोग अंगात असूनही तगण्याची क्षमता) आली. निळटिपी मात्र थंडीत राहिली. थंडीत डासाच्या शरीरात हा परजीवी वाढत नाही. आपण हवा तापवली. तिची त्याच्याशी पहिली भेट आता होते आहे."

"म्हणजे रोग पोहोचवतो डास. पण उन्हाळ्यात इथे एकही डबके नाही. डास वाढतो कुठे?"

"आमच्याकडे नाही हं!" भाऊसाहेब म्हणाले. "दर सोमवारी कोरडा दिवस पाळतो. पिंप, हंडे, टाक्या, सगळे रिकामे!"

"सगळे?" शाल्मलीने विचारले.

पक्ष्यांसाठी पठारावर ठेवलेली एकशे आठ मातीची भांडी कोणीच रिकामी करत नसे. पाखरांच्या तोंडचे पाणी ओतायचे कसे? पाणी घटले की वरून भर घालत. प्रत्येक भांड्यावर दात्याचे नाव रंगवलेले होते.

शाल्मली जवळच्या भांड्यावर वाकली. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. तिने नाव वाचले आणि आजोबांकडे पाहिले. आजोबांनीच मोठ्याने वाचले: "डॉ. विश्राम केंजळे."

"डॉक्टर, तुमचीच वसाहत भरभराटीला आली!" भाऊसाहेब हसले.

"चाळीस वर्षे डासांवर लिहितो आहे," आजोबा म्हणाले, "आणि वाढदिवसाला त्यांना घर दिले. आता तुमचे भांडे दाखवा."

तिथेही अळ्याच होत्या. भाऊसाहेबांचे हसू मावळले. सर्वांत आधी त्यांनीच भांडे पालथे केले.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून त्या सोमवारपासून प्रत्येक भांडे घासून, उन्हात वाळवून मगच भरले जाऊ लागले. जाळी लागली, पण ती निळटिप्यांसाठी. रक्ताचा एक थेंब घ्यायचा आणि सोडून द्यायचे.

सातव्या निळटिपीच्या थेंबात रक्तवाचक यंत्राला परजीवी दिसले, अगदी थोडे. तिचे वजन मात्र भरपूर होते.

"ही आजारी आहे?" शाल्मलीने विचारले.

"होती. हिने आवर घातला आहे."

"मग हिची पिल्ले?"

"कदाचित हिच्यासारखी होतील. त्यासाठी पिढ्या लागतील. आपण वेळ मिळवून द्यायचा."

शाल्मलीने मूठ उघडली. निळटिपी उडाली, आजोबांच्या नावाच्या भांड्यावर बसली आणि स्वच्छ पाणी प्यायली.