सूप नेलं, मशीन ठेवली

खुर्शीदबीच्या ओसरीवर टेकताच तातेरावांनी जोडे काढले. चैताचं ऊन हिंगोलीवर आग ओकत होतं. महेबूबखान निजामाच्या पोलिसातून निवृत्त होऊन घरी बसले होते, तरी लोक तपास घेऊन त्यांच्याकडेच यायचे. आणि खान निघाले की दोस्ती म्हणून तातेरावांच्याही पायांची वाट लागायची.

"चोर आला अन् नेलं काय, तर सूप!" खुर्शीदबी म्हणाली. "शिवायची मशीन हाय तशी. घड्याळ हाय तसं. असा चोर कधी पाह्यला काय, खानसाब?"

घर शेजारच्या लुसी नर्सचं. ती परवा वारली. अडलेल्या बाळंतिणी सोडवत तिनं उमर घालवली होती. लेकरू वाचलं की लोक पोरीचं नाव लुसीच ठेवायचे. जवळा बाजारापासून शिरड शहापूरपर्यंत गावोगाव एकेक लुशी झाली होती.

"लुसी म्हंजे उजेड," खुर्शीदबी म्हणाली. "पाद्री लोकांच्या जुन्या लातिनी बोलीतलं नाव हाय म्हणे. पण ती हसायची. म्हणायची, मी स्वतः हे नाव एकाच पोरीला दिलं, बाकीच्यांनी उचललं. जाताना बोलली, 'मशीन माझ्या लुसीला दे.' कोणती, ते इचारायच्या आत डोळे मिटले. मी जबान दिली, खानसाब. चुकीच्या हाती गेली तर तिला तोंड काय दाखवू?"

अंगणात दोन दावेदार बसलेच होते. एकाने तर बैलगाडीही जुंपून आणली होती.

खान आधी नर्सच्या खोलीत गेले. क्रुसाशेजारी रिकामा खिळा होता. त्याखाली चुन्याच्या भिंतीवर सुपाएवढा डाग आणि हळदीची बोटं. चुलीपाशी दुसरं सूप पडलेलं होतं, काठ झिजलेलं.

"पाखडायचं सूप तर इथंच आहे," तातेराव म्हणाले. "मग भिंतीवर कशाला?"

"बराबर बोललात," खान म्हणाले. तातेरावांना आपण काय बराबर बोललो ते कळलं नाही.

गाडीवाले माणिकराव जवळा बाजारचे. "आमच्या पोरीचं बारसं गाव जेवू घालून केलं. आत्यानं पाळण्यात नाव ठेवलं, लुसी. मशीन तिच्या लग्नात देईन."

शिरड शहापूरच्या लालसिंगाची नात जन्मली तेव्हाही नर्सच होती. "बाराव्या दिवशी पाळणा, पाच सवाष्णी, आत्या. समदं रीतीनं."

राहिली नर्सकडे झाडलोट करणारी शालूबाई. ती उंबऱ्याच्या आत आलीच नाही.

"लेकरं किती, बाई?" खानांनी विचारलं.

"एक पोरगी. उकंडी. नवऱ्यानं टाकली तिला. गोधड्या शिवून राहिली, पोट भरत न्हाई."

"तिच्या आधीची?"

"चार झाली. चारी गेली." शालूबाईची नजर जमिनीवरून वर येईना.

तातेरावांना घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. "द्या माणिकरावाला अन् मोकळे व्हा," ते पुटपुटले. "लुशी ती लुशीच."

खानांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. आवाज थकलेला होता.

"पाळण्यात नाव ठेवायचा मान आत्याचा. तुमच्या दोघांच्या घरी तो तिनंच घेतला. मग नर्सनं स्वतः नाव दिलं ते कोणत्या लेकराला? परक्या बाईनं नाव द्यावं असं लेकरू एकच. ज्याच्या आधीची जगत नाहीत, ते सुपात घालून उकंड्यावर, केरात ठेवतात. दुसरीनं उचललं की ते तिचं झालं. मग आई मूठभर कोंडा देऊन परत घेते, म्हणजे मौतीची नजर फसते. त्या सुपाला हळद लागते. ते नर्सनं क्रुसाशेजारी जपलं. लोभी चोर मशीन नेतो. इथं सूप गेलं, म्हणजे चोराला लोभ नव्हता, भीती होती. आणि उकंड्यावरून उचललेल्या पोरीचं नाव आमच्या मुलखात उकंडीच पडतं."

माणिकराव गाडीकडे निघाले, मागोमाग लालसिंगही.

शालूबाईनं रिकाम्या खिळ्याकडं पाहिलं. "नर्सबाई पोटच्या लेकरासारखं जपायची तिला. पण आता गेली ती. सूप तिच्या घरात ऱ्हायलं तर पोरीला आपली म्हणून वर बोलावून घेईल, असं वाटलं. लुसी हे नाव तिनंच पोरीच्या कानात सांगितलं होतं. ती अन् पोरगी दोघीच असल्या की त्याच नावानं हाक मारायची. मी कधी तोंडातून काढलं न्हाई. चांगलं नाव मौत ऐकते. मशीनसाठी बोलू नको म्हणून पोरीला शपथ घातली."

"सूप कुठं आहे?"

"चुलीत घातलं."

तातेरावांना एकाएकी आपल्या घाईची लाज वाटली. चार लेकरं पुरलेल्या बाईपुढं आपण घरी जाऊन पडायचं बघत होतो.

"आता सूप नाही, बाई," खान म्हणाले. "बोलावणार कोण? मशीन घ्या. पण नाव घेऊन घ्या. खुर्शीदबीनं लुसीला द्यायची जबान दिली आहे."

शालूबाई दाराशी गेली. बाहेर कडुलिंबाखाली पोरगी गोधडीला टाके घालत होती. आईनं चौकट धरली. मग तिनं डोळे मिटले.

"लुसे... ये गं."

पोरीची सुई थांबली. मागं नर्स उभी असावी तसं तिनं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. आईच होती.

"काय म्हणलीस मला?"

"तुजं नाव," शालूबाई म्हणाली.