मूठभर पावटा

"हा पावटा कुठला हो?"

पिंपरीच्या मंडईत कस्तुराचा हा ठरलेला प्रश्न. त्यावर भाजीवाल्यांची तोंडंही ठरल्यासारखी वाकडी व्हायची. पण त्या रविवारी टोपलीमागं बसलेला तरुण चक्क हसला.

"टोपलीतला."

"ते दिसतंय! टोपलीत कुठनं आला?"

"कुरुळीहून. आमच्या कुंपणावरचा हाय. आजीनं लावलेला वेल... आणखी काय? वेलाची पत्रिका पायजे?"

"असली तर द्या," ती बोलून गेली, आणि मग तिनं जीभ चावली.

हा भीमराज. आठवडाभर कंपनीत शिफ्ट, रविवारी आईची भाजी विकायची. कस्तुरा औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. दुष्काळात तिचं घर रेशनच्या लाल मिलोवर, परदेशातून आलेल्या ज्वारीवर, जगलं होतं. पोत्यावरची परकी अक्षरं बघून तिला सारखं वाटायचं, हे पेरलं तरी कुणी असेल? तेव्हापासून ही खोड लागली ती लागलीच. भीमराजला मात्र ती भलतीच आवडली. तो रविवारची वाट बघायला लागला. आणि ती? घरात भाजी असली तरी पिशवी घेऊन निघायची!

उन्हाळ्यात एकदा त्यानं तिच्या हातात पुरचुंडी ठेवली. "आईनं दिलंय. तुझ्यासाठी."

आत राखेत घोळलेले पावट्याचे दाणे. राखेतलं म्हणजे बियाणं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण शहरात वाढलेल्या कस्तुराला वाटलं, चुलीपाशी सांडलं असेल बिचाऱ्यांचं. तिनं दाणे धुतले, भिजवले आणि झकास उसळ केली.

"काय चव होती म्हणून सांगू!" पुढच्या रविवारी ती म्हणाली.

भीमराजचा चेहरा पडला. "खाल्लंस...? अगं, बी होतं ते! तुझ्या दारात लावशील म्हणून दिलं. कुंपणावरचा वेल तर वाळला. काल आईनं गाडगं उघडलं, तर उरलेलं समदं किडलेलं. तुझ्याकडचं थोडं आणतो, असं सांगून आलोय मी."

आजीपासून चालत आलेला वेल कस्तुरानं एका जेवणात संपवला होता! आता त्या घरात कुठल्या तोंडानं जायचं? आणि जायचं तर होतं... फार जायचं होतं. ती भर मंडईत रडली. मग पदरानं नाक पुसून विचारती झाली, "तुमच्या आईनं आणखी कुणाला दिलं असेलच की बी. कुणाला?"

दोघं कुरुळीत घरोघर फिरली. कुणी दुकानातलं बी आणायला लागलेलं, कुणी पगार सुरू झाल्यावर लावणंच सोडलेलं. शेवटी गावाच्या टोकाला सरूबाईकडे पोचली. म्हातारीनं गाडग्यात हात घातला, राख फुंकली. तेच टपोरे दाणे! कस्तुराला तिथंच नाचावंसं वाटलं.

पण सरूबाईनं मूठ मिटली. "बी मी इकत न्हाई. फुडल्या साली दीडपट परत यायला पायजे. मानूस बघून देते मी. कोन आननार?"

"मी आणतो, मावशे," भीमराज म्हणाला.

"तू दिसभर कंपनीत. तुझ्या आईचे गुडघे गेले. येलाला पानी कोन घालनार?"

भीमराजनं हळूच कस्तुराकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती...

"मी घालीन," ती म्हणाली. "मी त्यांच्याच घरात असेन, मावशी. म्हणजे... ह्यांनी नेलं तर."

भीमराजचे कान लालबुंद झाले.

"आरं, बोल की!" सरूबाई खेकसली. "इतकी चांगली पोर इचारतीय, आन् तू खांबावानी हुबा!"

"नेतो," तो कसाबसा म्हणाला. "आत्ताच नेतो... आईकडं."

कस्तुरानं पदर पसरला, आणि सरूबाईनं मूठ उघडली.