निळी वही आणि चांदणीची नोट

"भाट्याच्या समुद्रावर पोहायला कोण कोण येणार?" मनस्वीनं ओरडून विचारलं. कुणी मान वर केली असेल तर शपथ! पडवीत सगळी पोरं हर्षदला चिकटून बसली होती. हर्षद तिचा आतेभाऊ, नाशिकरोडचा. त्याचे आजोबा तिथल्या नोटांच्या छापखान्यात पस्तीस वर्षं होते, आणि सुट्टीला आल्यापासून या बाबाची टकळी चालूच होती.

"पूर्वी आपल्या नोटा इंग्लंडहून बोटीनं यायच्या! एकोणीसशे अठ्ठावीस साली नाशिकरोडला छपाई सुरू झाली, पाच रुपयांच्या नोटेपासून!"

"बोटीनं? बापरे!" सागर म्हणाला. सागर! गेल्या सुट्टीपर्यंत मनस्वीचा एक नंबरचा दोस्त! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आजोबांनी सांगितलेलं सगळं हर्षदनं एका निळ्या वहीत टिपून ठेवलं होतं. दुपारी सगळे जेवायला बसल्यावर मनस्वीनं ती वही उचलली आणि आंब्याच्या पेटीत, गवताखाली दडपून टाकली. आता बोल म्हणावं!

दुसऱ्या दिवशी सकाळीच सागर धापा टाकत आला. "मनू, चल लवकर! मिरकरवाड्याच्या बंदरात आजीला चोर ठरवलंय!"

सागरची आजी सोनूबाई चाळीस वर्षं बंदरावर बोली लावून मासळी घ्यायची आणि बाजारात विकायची. हर्षदही निघाला. तिघं सायकली हाणत पोचली, तेव्हा लिलावाचे पैसे घेणारा नितेश पाचशेची नोट नाचवत होता.

"बघा, नंबरात चांदणी! मोबाइलवर आलंय, असल्या नोटा नकली! आता पोलीस येतील. आजपासून सोनूबाईनं बोली लावायची नाय!"

"मेल्या, बँकेतून आणलीय मी ती!" सोनूबाईचा आवाज कापत होता. रोजच्या शेजारणीसुद्धा टोपल्या घेऊन लांब सरकल्या होत्या.

हर्षद पुटपुटला, "आजोबांनी चांदणीचं सांगितलं होतं गं. पण नीट आठवत नाही. वहीत होतं!"

मनस्वीला गवताखालची वही आठवली. वही आणली की पुन्हा हर्षद, हर्षद आणि हर्षद! तेवढ्यात सोनूबाईनं पदरानं डोळे पुसले. मनस्वीनं सायकल वळवली ती थेट घरी.

"पेटीत सापडली," परत आल्यावर ती हर्षदकडे न बघताच म्हणाली.

हर्षदनं मोठ्यानं वाचलं. "छापताना एखादी नोट बिघडली, तर त्याच नंबरची दुसरी छापत बसत नाहीत. बंडलात तिच्या जागी चांदणीच्या नंबरची नोट घालतात. ती खरीच असते!"

"पोरांच्या वहीवर विश्वास ठेवू होय?" नितेश हसला. मग मनस्वी पुढे झाली.

"काका, चांदणी म्हणजे नकलीच ना? नक्की?"

"शंभर टक्के!"

"मग तुमची पैशांची पिशवी बघू!"

"दाखव, दाखव!" बायकांनी गलका केला. नितेशनं कुरकुरत पिशवी उपडी केली. त्यात निघाल्या चांदणीच्या दोन नोटा! कधी बघून घेतल्या असतील तर ना!

"आता पोलीस कुणाला नेणार, काका?"

बंदरभर हशा पिकला. हर्षदनं तिन्ही नोटा उन्हात तिरक्या केल्या. "धागा बघा! हिरव्याचा निळा होतो. तिन्ही खऱ्या!"

"चुकलो, सोनूबाय," नितेश खाली मान घालून म्हणाला. "लावा बोली."

"काय डोकी गो ही!" सोनूबाईनं दोघांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "मनू, तू वही शोधलीस म्हणून वाचले हो!"

"शोधली नाही, आजी." मनस्वीनं हर्षदकडे बघितलं. "मीच लपवली होती. जळत होते मी याच्यावर."

हर्षदनं वहीला चिकटलेली गवताची काडी काढली. "कळलं होतं मला. पण तुम्ही भाट्याचं नाव काढलंत की माझी पाचावर धारण बसायची. मला पोहता येत नाही! म्हणून तर गोष्टी सांगून सगळ्यांना पडवीत बसवून ठेवायचो."

मनस्वीनं सायकलचं तोंड भाट्याकडे वळवलं.

"अस्सं होय! चल, आत्ताच शिकवते," ती म्हणाली. "पण पाण्यात तरी तोंड बंद ठेवायचं हां!"