एकाहत्तर तुकड्यांचं खोकं

"हात मारा, पाय मारा! कोरड्या तलावात पोहायला नशीब लागतं!" बडबड्या तळाशी पालथा पडून ओरडत होता.

सुट्टी लागली आणि पोहण्याचा तलाव नेमका दुरुस्तीला निघाला! बडबड्या आणि त्याची बहीण चष्मिस आत हुंदडत होती. त्यांची आतेबहीण ठिकरी मात्र काठावर उभी होती. आई जाऊन सहा महिने झाले होते. तेव्हापासून तिला ना हसू येई, ना रडू.

समोरच्या भिंतीवरचं चित्र आईने बसवलं होतं, फरशीच्या रंगीत तुकड्यांचं. सूर मारणारी बाई आणि खालच्या कोपऱ्यात पाण्यात पाय सोडून बसलेली सहा वर्षांची ठिकरी! भिंतीला ओल आली, म्हणून वरून खाली सगळे तुकडे सोडवून खोक्यांत भरले होते. भिंत दुरुस्त झाली की ते पुन्हा बसवायचे होते.

"काळजी नको, पोरी," मुकादमकाका म्हणाले. "सात हजार नऊशे एकोणीस तुकडे भरलेत. सगळी खोकी सारखी, गच्च! ना एक कमी, ना एक जास्त!"

"खोटं आहे," ठिकरी शांतपणे म्हणाली.

"अरे वा! न मोजताच?"

"मोजायचं कशाला? त्या संख्येचे सारखे वाटे होतच नाहीत."

दवाखान्यात आजारी आईच्या उशाशी बसून तिने चित्रातल्या तुकड्यांची ही संख्या भागून पाहिली होती. दोनाने, तिनाने, पाचाने, थेट त्र्याऐंशीपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने. तेवीस भागाकार, आणि दरवेळी काहीतरी उरलंच! पुढे जायची गरज नव्हती, एकोणनव्वद गुणिले एकोणनव्वद त्या संख्येच्याही वर जातात. "मुद्दाम निवडलीय," आई हसून म्हणाली होती. "कुणाला दाद देत नाही बघ!"

चष्मिसने तोवर खोकी मोजली. "एकशे नऊ! एकेकात बहात्तर, म्हणजे... सात हजार आठशे अठ्ठेचाळीस! काका, एकाहत्तर तुकडे कुठे गेले?"

काकांनी डोकं खाजवलं. "शेवटचं खोकं एका तुकड्याने अपुरं होतं गं. अपुरं दिसलं की वरून बोलणी बसतात. म्हणून... दिलं राडारोड्यात टाकून."

शेवटचं खोकं म्हणजे खालचा कोपरा! बाहेर डंपर सुरू झाल्याचा आवाज आला. ठिकरी धावत सुटली. बडबड्याने तिलाही मागे टाकलं.

"ड्रायव्हरकाका, थांबा! सही राहिलीय! सहीशिवाय गेलात तर परत यावं लागेल!"

"छे! या सह्यांनी जीव खाल्लाय," म्हणत ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सही कसली नि काय! पण बडबड्याची बडबड जन्मात पहिल्यांदाच कामी आली.

अर्ध्या तासाने सिमेंटच्या ढेकळांखाली खोकं सापडलं. इंजिनिअरबाई गलका ऐकून आल्या. त्यांनी मुकादमांची चांगलीच हजेरी घेतली आणि तिघांची पाठ थोपटली. "शाब्बास! आम्हा मोठ्यांपैकी एकालाही हे सुचलं नाही!"

ठिकरीला त्याचंही काही वाटलं नाही. तिने तुकडे पुसून ओळीने लावले. छोटे पाय, फ्रॉक, मग वेणी. सगळे होते. खोक्यात एक जागा तेवढी रिकामी राहिली.

खजील झालेले मुकादमकाका कुठूनसा एक निळा तुकडा घेऊन आले. "हा घाल. खोकं पुरं होईल."

"नको, काका," ठिकरी म्हणाली. "एक कमीच आहे. कमीच राहणार आता."

बोलता बोलता सहा महिन्यांनी पहिल्यांदाच ती ढसाढसा रडली.