सात नंबरचा कागद

त्या दिवशी धुकं असं पडलं होतं की तलाव कुठं संपतो आणि पाळ कुठं सुरू होते, हे पायालाच विचारावं लागत होतं. नोव्हेंबरची सकाळ. आठ वाजून गेले तरी सूर्य नुसता जर्मनच्या ताटलीसारखा पांढरा, त्याला ना ऊब ना उजेड. बांध्यांत धान कापायला आलं होतं, पण विळे आज घरीच होते. मतदान होतं.

डोमा वलथरे धुतलेला सदरा घालून निघाला. साकोलीच्या बाजूचा हा म्हातारा ढिवर. जन्म मासे धरायच्या जाळ्यात गेला, शाळेची पायरी चढला तो फक्त मत टाकायला. आजवर एकही मतदान त्यानं चुकवलं नव्हतं. खिशात मतदानाच्या दोन चिठ्ठ्या होत्या, एक त्याची, एक धुरपताची. वाचता येत नाही म्हणून अंगणवाडीच्या प्रतिक्षाबाईनं त्याच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडून दिला होता. कोपरा सरळ ती धुरपताची.

धुरपता त्याची बायको. तीन वर्षांमागं ती डोंगा घेऊन शिंगाडे तोडायला गेली. डोंगा परत आला, अर्धा भरलेला. ती आली नाही. पाच दिवस साऱ्या ढिवरांनी जाळी ओढली, हाती आले ते शिंगाड्याचे वेल. माती द्यायला देह नाही, म्हणून डोमानं तेरवी केली नाही. लोकांनी सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

मतदारयादी तपासायचं काम प्रतिक्षाकडं होतं. पावसाळ्यात ती घरोघर फिरली, तेव्हा डोमाच्या अंगणातही बसली होती.

"बाबाजी, हा सात नंबरचा कागद. यादीतून नाव काटाचा. इथं अंगठा द्या, बाकी मी भरून घेते."

"कोनाचं नाव?"

"आजीचं."

डोमानं शाई लागलेला अंगठा धोतराला पुसला. "यादीत हाय तोवर हाय ना जी ती. राहू द्या."

"असं धरून ठेवता येत नाही कोनाले, बाबाजी."

"मी कुठं धरलं? कागदानं धरलं."

प्रतिक्षा हसली. "तुमचाच अंगठा पाहिजे असं नाही. यादीतला कोनताही मानूस यादीतल्या दुसऱ्याचं नाव काटाले अर्ज देऊ शकते. मंग आम्ही घरी येऊन पाहतो, खरंच मानूस हाय का नाही."

"माह्या घरात यादीतले दोघंच," डोमा म्हणाला. "मी देनार नाही. आन ती काय देते?"

दोघंही हसले होते. अंगणात तेव्हा तिसरं कोणी नव्हतं.

आता पाळीवरून चालताना डोमाला ते आठवत होतं, आणि मागून आवाज येत होता. चप… चप… ओल्या पायाचा. तो थांबला की आवाज थांबे. पाणमांजर असेल, तो मनाशी म्हणाला. चार पावलं गेला. चप… चप… आणि वास आला, ताज्या तोडलेल्या शिंगाड्यांचा, हिरवा, चिखलाचा. त्यानं मागं पाहिलं नाही. पाळीवर मागं फिरायला जागाही नव्हती. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बेशरमाची झुडपं, आणि दोन्हींवर तेच पांढरं धुकं.

शाळेत बायांची रांग वेगळी, माणसांची वेगळी, मधे दोरी. बायांच्या रांगेत शेजारची रीना नि तिच्या सासूमधे एका माणसाची जागा मोकळी होती. रांग सरकली, ती जागाही सरकली. मागच्या बाया "पुढं व्हा ना" म्हणत ढकलत होत्या, पण सासू काही पुढं होईना. जागेखालची फरशी ओली होती. डोमा दाराशी पोचला तेव्हा ती जागाही दाराशी पोचली, आणि त्याच्या आधी आत गेली.

खोलीत टेबलामागं बसलेल्या साहेबानं दुमडलेली चिठ्ठी पाहिली, यादीवर पट्टी सरकवली. "तीनशे बारा. डोमा वलथरे."

"हो जी."

"तीनशे अकरा तुमच्या घरच्या ना? आत्ताच गेल्या." साहेबानं मान वर केली नाही. वहीत डोमाच्या रकान्याच्या वर एक अंगठा उमटला होता. ओला, पसरलेला. कागद तिथं फुगला होता.

डोमानं खिशात बोटं घातली. एकच चिठ्ठी होती. दुमडलेली तर साहेबाच्या हातात. मग ही धुरपताची हवी, सरळ कोपऱ्याची. तिचाही कोपरा दुमडलेला होता.

"बोट पुसा बाबा, ओलं आहे," शाई लावणारा दुसरा साहेब म्हणाला. डोमानं पुसलं. पुन्हा पुसलं. डाव्या तर्जनीच्या नखातून पाणी येतच होतं. शाई लावली ती ओघळून तळव्यात गेली. "जा, कोपऱ्यात जा. बटण सोडलं आहे."

कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा. तीन बाजूंनी बंद, चौथ्या बाजूला तो स्वतः. दर वेळी तो हेच करायचा: चित्र ओळखायचं, निळं बटण दाबायचं, शेजारच्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी दिसली की मनात सात मोजायचे, चिठ्ठी पडते, आवाज येतो, मोकळं. त्यानं बटण दाबलं. लाल दिवा लागला. काचेआड उजेड झाला.

एक… दोन… तीन…

काचेला आतून वाफ धरली होती.

पाच… सहा… सात… आठ…

चिठ्ठी पडली नाही. वाफेवर आतून एक तळवा टेकला. लहानसा, शिंगाड्याच्या काट्यांनी चिरलेला. डोमा मागं व्हायला गेला, पाय उचलला नाही. घोट्याभोवती थंडगार वेल होते. पुठ्ठ्याच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. वास नाकातोंडात भरला. बाहेर साहेब खुर्चीवर जांभई देत होता, चार हातांवर, आणि चार कोसांवर.

"काहून धरून ठेवलं जी मले…" आवाज कानात नव्हता, छातीत होता. "किती दिवस उभी राहू मी, दाराशी…"

"सोडतो," डोमा पुटपुटला. "आजच सोडतो, धुरपता."

तेव्हा यंत्राचा तो लांब आवाज झाला. चिठ्ठी पडली. पाय मोकळे झाले.

व्हरांड्यात प्रतिक्षा यादी घेऊन बसली होती. डोमानं तिच्या टेबलावर शाईचा हात टेकवला. "माय, तो सात नंबरचा कागद काढ. अंगठा देतो. आता दे."

"आज नाही होत, बाबाजी."

"काहून?"

"यादी बंद झाली. निवडनूक पुरी होऊ द्या, यादी पुन्हा उघडली का मी स्वतः घरी येते." तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "घाम आला का तुमाले? एवढ्या थंडीत?"

"तोवर ती कुठं राहील?"

"कोन?"

डोमा व्हरांड्याच्या पायऱ्या उतरला.

पाळीवरून तो परतला. मागं पाऊल वाजलं नाही, वासही नव्हता. उगाच भ्यालो, असं त्याला वाटू लागलं. महिना दोन महिने काढू, अंगठा देऊ, तेरवी करू; साऱ्या ढिवरांना जेवू घालू.

घराच्या अलीकडं पार्वताबाईचा ओटा होता. म्हातारी दोन्ही डोळ्यांनी अंधुक, मनानंही सैल झालेली. गेलेली नि असलेली माणसं तिच्याकडं एकाच चटईवर बसायची. वर्षभरात ती ओट्याखाली उतरली नव्हती. डोमाची चाहूल तिनं पायावरून ओळखली. तो टेकायला वाकला, तशी तिनं हात आडवा केला.

"तिथं नोका बसू, भाऊजी, ओलं हाय. आताच धुरपता बसून गेली. म्हनलं, पदर तं पीळ बाई, तं नुसती हासली. यादी कवा उघडते विचारत होती… सात नंबरचा का कोनता कागद लागते म्हने. बुढा काही माह्या नावावर अंगठा देत नाही, म्हने, मंग त्याचं नाव काटाले मीच देते."