केसांची जाळी

परवाचीच गोष्ट. दिवा जरा जवळ सरकवा. तोंड दाखवायची लाज वाटतेय मला, पण अंधारात हे सांगवणार नाही.

कीलुंगमध्ये, डोंगराच्या पायथ्याशी एका जुन्या पोहण्याच्या तलावाची गाळणी बंद पडली होती. आमच्या पंचांगाचा सातवा महिना चालू. या महिन्यात मेलेल्यांना मोकळीक असते, आणि बुडून मेलेल्याला तर आपल्या जागी दुसरं कोणी मिळाल्याशिवाय सुटका नाही. आया पोरांना पाण्याकडे फिरकू देत नाहीत. तलाव ओस पडतात आणि आम्हा दुरुस्तीवाल्यांची चंगळ होते. पथ्य एकच, पाण्याजवळ कुणाचं खरं नाव घ्यायचं नाही; ज्याचं नाव कळेल त्यालाच ते ओढून नेतात. त्यामुळे माझा जोडीदार कोहळा आणि मी काडी. अंगाकडे बघूनच ठेवलेली नावं.

"काडी, बूच बसवलं रे!" कोहळा तलावातून डोकं वर काढत ओरडला. तळाशी पाणी ओढून घेणारं जे तोंड असतं, ते त्यानं रबरी बुचानं बंद केलं होतं. म्हणजे तलाव न उपसता खालचा पंप उघडता येतो. "जा आता खाली. आणि घाबरलास तर बायकोला फोन कर, मला नको."

"तू आधी बाहेर ये, पाण्याला जरा जागा होऊ दे," मी म्हणालो.

तलाव सांभाळणारी शिऊ मावशी फाटकाशी मोकळ्या सुटलेल्या मेलेल्या पाहुण्यांसाठी टेबल मांडत होती. भात, फळं, तोंड धुवायला पाण्याची परात.

"हळू बोला रे मेल्यांनो," ती म्हणाली.

पंपाची खोली जमिनीखाली. भर दुपारी तिथं दिवा लावावा लागतो. क्लोरीनचा उग्र वास, त्याखाली कुबट ओल, आणि कुठंतरी टप... टप... पंपाच्या तोंडाशी एक डबा असतो, त्यात केसकचरा अडवणारी जाळीची टोपली. झाकण निघालं, पण टोपली हलेना. साबणाचं पाणी सोडलं, आकडे लावून ओढली, लाकडी हातोडीनं ठोकली. ढिम्म.

मग विजेरी मारली. आमच्याकडे टोपी घातल्याशिवाय कुणाला पाण्यात उतरू देत नाहीत, त्यामुळे जाळीत निघतात ते चारदोन आखूड केस. इथं मात्र एक लांब, काळा पेड जाळीच्या भोकांतून पाइपात गेला होता. ताठ. पलीकडून कुणी ओढून धरल्यासारखा.

टोपलीच्या बाजूनं मी हात आत घातला, पाइपाच्या तोंडापर्यंत. बोटांना काहीतरी गार लागलं, आणि मग त्यानं माझं मनगट धरलं.

"नाव काय...?"

लहान मुलीचा आवाज होता. घरी आलेल्या पाहुण्याला विचारावं तसा, अगदी शहाणा.

मी हात ओढला. सुटेना. दिवा लुकलुकला.

"नाव...?"

आणि मी नाव सांगितलं. माझं नाही. "पेंग योंग-शुन," मी म्हणालो, स्पष्ट, आडनावासकट. माझ्या लग्नात ज्यानं माझ्या वाटचे प्याले रिचवून मला उभं ठेवलं, ज्याच्या पोरी मला काका म्हणतात, त्या कोहळ्याचं नाव. विचार करायलासुद्धा थांबलो नाही हो मी.

हात सुटला. टोपली आपोआप वर आली. आत एकही केस नव्हता.

वर गेलो तर कौतुकच कौतुक.

"वा रे काडी!" कोहळ्यानं पाठीत धपाटा घातला. "मावशी म्हणते टोपली कुणालाच निघत नव्हती, तुझ्या हाताला बरी आली!" मावशीनं चहात उकडलेलं अंडं हातावर ठेवलं. मी ते तसंच बाजूला ठेवलं. लाजेनं मान वर होत नव्हती.

कोहळा उठला. "चल, बूच काढून येतो."

"मी उतरतो," मी म्हणालो.

"तू? तुला बादलीत पोहता येत नाही."

"मी उतरतो म्हटलं ना!"

त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि एरवी तासभर वाद घालणारा तो माणूस बाजूला सरकला. मी उतरलो. डोळे मिटून तळ गाठला, बूच उपटलं. आत्ता धरेल, आत्ता धरेल... काहीच नाही. धापा टाकत वर आलो. जिवंत असल्याचा आनंद झाला, त्याचीही लाज वाटली.

मावशीनं खाली जाऊन पंप चालू केला. कोहळ्यानं आपला टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला आणि शेजारी बसला.

"खाली माझं नाव घेतलंस ना?" तो हळूच म्हणाला.

मी टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

"मी काठावर पाय सोडून बसलो होतो. पाण्यातून ऐकू आलं. आधी तुझ्या आवाजात... मग एका पोरीच्या. अडखळत पाठ करत होती."

"कोहळ्या, मी..."

"असू दे रे. मीही तुझंच सांगितलं असतं."

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पण उतरलो ना मी तुझ्या जागी?" मी काकुळतीला आलो. "फिटलं ना आता? सांग ना, फिटलं ना?"

त्यानं पाण्याकडे कान दिला होता.

"तू पाण्यात होतास तेवढा वेळ ती पोर गप्प होती," तो म्हणाला. "आता ऐक... बघ... आता माझं नाव घेताना अडखळतसुद्धा नाही..."

मी श्वास रोखून ऐकलं. मला पंपाशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं.