दोन काळी, दोन पांढरी

पाकीट एकच उरलं होतं आणि त्याची दोन टोकं दोन माणसांच्या हातात होती.

“सोडा,” धाकटी म्हणाली. घरात सगळे तिला याच नावाने हाक मारत.

“मी आधी धरलंय,” तो म्हणाला. पण हसत म्हणाला, आणि तिथेच तिचं डोकं आणखी फिरलं. भांडणात हसणारी माणसं तिला डोळ्यांसमोर नको असायची.

आधीच दुकानदाराने तिचा जीव खाल्ला होता. हे फोनवर चालतं, हे आवाजावर चालतं, हे तर ताई, तुम्ही परगावी असलात तरी घरातला दिवा लावतं! परगावी बसून घरातला दिवा कोणाला लावायचाय? तिला एक बटण हवं होतं. वायर नको, भिंत फोडणं नको. दाबलं की दिवा लागावा, दाबलं की विझावा. संपलं! पण आजकाल साधी वस्तू मागितली की दुकानदार असं बघतो, जशी काही गिऱ्हाइकाने उधारी मागितली. शेवटी खालच्या फळीवरून धूळ झटकत त्याने हे पाकीट काढलं होतं. चार बटणं, चार डब्या. डबी सॉकेटमध्ये खोचायची, दिव्याची पिन डबीत खोचायची, बटण हवं तिथे चिकटवायचं. आणि नेमका तेव्हाच हा लांब हाताचा माणूस मध्ये आला.

“कोणासाठी हवंय?” त्याने विचारलं. पाकीट सोडलं नाही.

“आत्यासाठी. दिव्याचं बटण वायरवर, वायर पलंगाखाली. शोधायला वाकली आणि पडली. हाड वाचलं, पण दादा म्हणतो आता इथे ठेवणार नाही, माझ्याकडे नेतो. रविवारी येतोय. अंधारात एकटीने उठून बाथरूमला जाऊन आली तर राहील. नाहीतर सामान बांधायचं.” हे सगळं परक्या माणसाला आपण का सांगतोय, हे तिला कळेना. “आत्या म्हणते, हे घर सुटलं की मी संपले. आणि ती उगाच काही बोलत नाही.”

“मग आवाजावर चालणारा दिवा…”

“दादाने आणला होता तो. झोपताना आत्याची कवळी वाटीत असते. कवळीशिवाय तिने हुकूम सोडला की तो डबा गाणी लावतो.”

तो इतका खळखळून हसला की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. धाकटीने दात-ओठ खाल्ले. खरं तर तिलाही हसू फुटत होतं.

“आणि तुम्हाला कशाला हवंय?”

“नाटकाला. शेवटच्या वाक्यावर बाई टेबलावरचा दिवा विझवते. परवा तालमीत वायरीत पाय अडकला आणि बाई दिव्यासकट आडव्या.”

“नट आहात?”

“हे तोंड बघून वाटतं का? लाइटवाला आहे. मागच्या गल्लीतल्या नाट्यगृहात.” मग त्याची नजर तिच्या बोटांवर गेली. “तुमच्या नखात हे गुलाबी काय?”

“हिरड्या.”

तो दचकला. तिला फार बरं वाटलं.

“मेणाच्या. कवळ्या बनवते मी.”

शेवटी पाकीट फोडून वाटणी ठरली. निम्मं त्याचं, निम्मं तिचं. बटणं दोन काळी, दोन पांढरी. तिने पांढऱ्यांना हात घातला.

“भिंत कोणत्या रंगाची?”

“पांढरी.”

“मग ते बटण शोधायला आत्यांना आणखी एक दिवा लागेल.”

बरोबर बोलणारी माणसंही तिला आवडायची नाहीत. तिने गुपचूप काळी उचलली. डब्या चारी सारख्याच दिसत होत्या, ज्याने त्याने हाताला लागल्या त्या दोन घेतल्या.

“नंबर देऊ का माझा? काही अडलंच तर…”

“बटणं घ्यायला आलेय मी, स्थळ बघायला नाही.”

आणि घरी येऊन बघते तर दिवा ढिम्म! डबी बदलली, सॉकेट बदललं, दुसरा दिवा आणला. बटण हळू दाबलं, जोरात दाबलं, अंगठा दुखेपर्यंत दाबलं. काही नाही. माहितीचा कागद तर त्या हसऱ्याच्याच हातात राहिला होता.

“जाऊ दे गं,” आत्या म्हणाली. “दिव्याची इच्छा नसेल.”

शनिवारी दुपारी धाकटी कामावरून आली तेव्हा आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती. शेजारी बॅग उघडी. काही विचारायच्या आत आत्या म्हणाली, “नुसतं आवरतेय.” जिने या पोरीला हाताला धरून वाढवलं, भांडायला शिकवलं, ती बाई घड्या घालता घालता खाली बघून खोटं बोलत होती. धाकटीने डब्या पिशवीत कोंबल्या, बटणं मुठीत घेतली आणि तडक नाट्यगृह गाठलं.

आत अंधार होता. तापलेल्या दिव्यांचा आणि जुन्या धुळीचा उबदार वास. समोर रंगमंचावर तालीम चाललेली, एक बाई टेबलाशी बसून हुंदके देत होत्या. टेबलावर विझलेला दिवा. आणि उंच शिडीवर… तो. पाठमोरा. काय बोलायचं ते धाकटीने वाटेत घोकलं होतं. पण रागाने आधी मूठच आवळली गेली.

टेबलावरचा दिवा लागला.

बाई किंचाळून उठल्या. दिग्दर्शक ओरडला. शिडीवरून आवाज आला, “कोण आहे तिकडे?”

धाकटी मुठीकडे बघत राहिली. मग पुन्हा दाबलं. विझला. पुन्हा. लागला.

“मी आहे! जिचा दिवा तुम्ही पळवलात, ती!”

तो शिडीवरून जवळजवळ घसरतच उतरला. “दातवाली! अहो, माझा दिवा दोन दिवस मेलेला आहे. दिग्दर्शक माझ्या नावाने शंख करतोय. काढा बघू तुमच्या डब्या.” त्याने तिच्या पिशवीतली एक डबी सॉकेटमध्ये लावून दुसरा दिवा जोडला, आपलं पांढरं बटण दाबलं, आणि दिवा भक्कन पेटला. “बटणाची आणि डबीची जोडी कारखान्यातच लागलेली असते. आणि आपण काय केलं?”

“तुम्ही चुकीच्या डब्या उचलल्यात.”

“दोघांनीही उचलल्या.”

“आधी तुम्ही.”

“बरं. आधी मी.”

इतक्या लवकर कोणी हार मानेल असं तिला वाटलंच नव्हतं. ठेवणीतली तीन वाक्यं वाया गेली. ती रंगमंचाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “आत्याने बॅग भरायला घेतलीय हो.”

तो शेजारी बसला. हसला नाही. “सकाळी येऊ? बटण कुठे लावायचं ते बघू. प्रयोग संध्याकाळी आहे.”

“या,” ती म्हणाली. मग उगाच, “चहा मिळेल.”

बटण कुठे लावायचं, यावर सकाळी तासभर भांडण झालं. तो म्हणे उशीच्या वर, ती म्हणे दिव्याच्या खाली. आत्या डोळे मिटून हात टाकायची आणि दोन्हीकडे चुकायची.

“तुम्ही दोघं बाहेर जाऊन भांडा,” आत्या म्हणाली. “मी जरा पडते.”

तेव्हा धाकटीच्या डोक्यात प्रकाश पडला. कवळी बसवताना दात कुठे टेकतात हे कोणी माणसाला विचारत नाही. मध्ये लाल कागद ठेवतात आणि चावायला सांगतात. टेकतं तिथे लाल उमटतं. तिने पिशवीतून तो कागद काढला, आत्याच्या बोटांभोवती गुंडाळला, पडदे ओढले.

“आत्या, शोधू नकोस. झोपेतून उठतेस तशी ऊठ फक्त.”

आत्या कुशीवर वळली, आधारासाठी हात टाकला आणि उठली. पलंगाच्या कडेवर, दोघांनीही सांगितलं नव्हतं अशा जागी, लाल डाग उमटला होता. चालताना तोल सावरायला टेकला तो दुसरा डाग, दाराच्या चौकटीवर. एक बटण इथे, पॅसेजच्या दिव्याचं तिथे.

तो डागाकडे बघत होता. मग डागाकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघायला लागला.

“काय आहे?” ती खेकसली.

“काही नाही. चहा मिळणार होता.”

दादा दुपारी आला, तो तयारीनेच. आत्याने वाटीत कवळी ठेवली, पडदे बंद झाले, सगळे बाहेर उभे राहिले. आत पलंग कुरकुरला. आणि दाराखाली उजेडाची पट्टी आली. मग पॅसेज उजळला. आत्या भिंतीला एक हात लावून सगळ्यांच्या समोरून, कोणाकडेही न बघता, महाराणीसारखी गेली आणि आली. खोलीत अंधार झाला.

“वीज गेली तर?” दादाने शेवटचं घोडं दामटलं.

“तुझ्याकडे काय जातच नाही?” आतून बोळक्या तोंडाचा आवाज आला.

दादा आत गेला. पलंगावर आत्याच्या पायाशी जाऊन बसला आणि तोंडावरून दोन्ही हात फिरवले. “फोन वाजला की मला आधी तू पडलेलीच दिसायचीस गं,” तो म्हणाला. “राहा. राहा बाई इथेच.” मग धाकटीकडे वळला. “आणि तू रात्रभर तिच्या उशाशी खुर्चीत बसणं सोड. किती दिवस झाले तुला धड झोपून? आज मी आहे इथे. कुठेतरी बाहेर जा.”

जायला कुठे होतं तिला? लाइटवाल्याने जाता जाता टेबलावर तिकीट ठेवलं होतं. ती गेली. मागच्या कोपऱ्यातली गुबगुबीत खुर्ची, समोर मऊ निळा उजेड, कोणीतरी काहीतरी छान बोलत होतं…

डोळे उघडले तेव्हा नाट्यगृह रिकामं होतं आणि तो पुढच्या खुर्चीवर उलटा बसून तिची वाट बघत होता.

“संपलं?” ती धडपडून उठली. “अरे देवा! मध्यंतरातसुद्धा जाग कशी नाही आली मला? दिवे लागतात ना तेव्हा?”

“लागतात.” तो मान खाजवू लागला. “मी या कोपऱ्यातले नाही लावले.”

“का?”

“तू झोपली होतीस.”

“लोक ओरडले असतील.”

“लोक कमी. मॅनेजर जास्त. म्हणाला, असं पुन्हा केलंस तर हाकलून देईन.”

कितीतरी दिवसांनी तिचं अंग हलकं झालं होतं, डोळे झोपेने जड, गालावर खुर्चीच्या कापडाची नक्षी.

“नाटक कसं होतं म्हणून आत्या विचारेल,” ती म्हणाली.

“मग सांग खरं.”

“खरं सांगितलं तर ती म्हणेल, घेऊन ये त्याला घरी.”

“मग?”

“मग काय? चल.”